कोकराची चौकोनी मोहर

आमच्या न्युरेंबर्गात बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता बाळाच्या दुपट्यात सोन्याचं नाणं बांधते. एकदा बांधलेलं नाणं परत येतं ते एकाच कारणानं, मूल दगावलं तर.

मी बांधलेली मोहर आमच्या शहरानंच पाडलेली. चौकोनी, आणि तिच्यावर पृथ्वीच्या गोळ्यावर उभं राहिलेलं कोकरू. तशा फार थोड्या निघाल्या. बाहुल्यांचे झगे शिवून शिवून डोळे अधू केले, तेव्हा कुठे एक हाती लागली. शेजारीण म्हणाली होती, "कुनिगुंडे, साधं नाणं चाललं असतं की!" नसतं चाललं. मला ना नवरा ना मूल, आणि जिची मी धर्ममाता झाले त्या पोरीला माझंच नाव ठेवणार होते.

ती पोर, माझ्याच नावाची आमची गुंडेल, आता एकोणीस वर्षांची आहे. तिची आई लवकर गेली, त्यामुळे असल्या रीती तिला कोण सांगणार? दर रविवारी माझ्याकडे जेवायची. गेल्या महिन्यात डान्झिगच्या लोरेन्झशी लग्न झालं, आणि गुरुवारी ती त्याच्या गावी निघायची होती. शेवटच्या रविवारी आली, कोबी चापला आणि मोहर टेबलावर ठेवली.

"हे काय गं?"

"तुझं तुला, मावशी. मला तिकडे काही कमी नाही. विकून टाक आणि लाकडं घे. शेगडी बघ, विझल्यात जमा आहे."

मी मोहरेला हात लावला नाही. सासरी निघालेल्या पोरीसमोर मरणाचं नाव कसं काढू? एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण तेवढं बोलवेना. मग मी खोटं बोलले, आणि तेही थाटात.

"उचल ती! भिकारीण समजलीस का मला? असल्या तीन आहेत माझ्या पेटीत. म्हातारपणाची सोय कधीच करून ठेवलीय."

"खरंच?"

"मग काय, तुझ्या नवऱ्याला विचारून करायची होती?"

ती खळखळून हसली आणि तिनं मोहर कमरेच्या पिशवीत टाकली. माझा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं बाई! घोर लागला होता मला," ती म्हणाली. "कालच लोरेन्झला म्हटलं, मावशीचं भागत नसेल तर तिलाही घेऊन जाऊ, गाडीत जागा आहे. तर तो म्हणतो, मग विचार ना तिला."

खरं तर तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी, तिच्यामागे निघाले असते.

"पण तुझं तर छान चाललंय."

"छानच," मी म्हणाले.

तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि धडधडत जिना उतरली. मी कठडा धरून उभी होते. खालचं दार लागेपर्यंत हाक ओठांवर होती. पण तीन मोहरांच्या मालकिणीनं कोणत्या तोंडानं हाक मारायची?