फांदांगोतली गाण्याची जागा

बार्तोलो आला तेव्हा भेटीच्या खोलीत ऐकायला मी बसले होते. आमच्या मठाचा नियमच तसा. एखाद्या सिस्टरला बाहेरचं माणूस भेटायला आलं, की जाळीच्या आतल्या अंगाला दुसरी सिस्टर बसते आणि सगळं ऐकते. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं.

बार्तोलो म्हणजे सिस्टर लेओकादियाचा थोरला भाऊ. मालागाच्या वरच्या डोंगरात राहणारा. ऑलिव्ह झोडपून झोडपून हातांना भेगा पडलेल्या. टोपी काढून जाळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लेओ, आई गेली."

"कधी?"

"संत आंद्रेसच्या सणाला. दहा आठवडे झाले. फळं उतरवायची होती, निघता आलं नाही."

"बरं," लेओकादिया म्हणाली. मग विचारलं, "फळं कशी आली यंदा?"

बार्तोलो जाळीला नाक लावून तिच्याकडे बघत राहिला. "मी काय सांगितलं, ऐकलंस ना?"

"ऐकलं. आई गेली."

"मग? आत राहून लाकूड झालीस का तू?"

मग तो बाकावर बसला. मी जपमाळेचे मणी सरकवत राहिले.

लेओकादिया अकराव्या वर्षी मठात आली. तिची बोटं बघून मठाने, प्रवेश घेणाऱ्या मुलीने आणायचा असतो तो हुंडा न घेता तिला ठेवून घेतलं. चर्चमध्ये वाजवायला कोणीतरी हवंच होतं. त्यानंतर एकोणीस वर्षांत आई एकदाच भेटायला आली. बुरख्यामुळे पोरगी तिला ओळखू येईना. जाळीतून ती मलाच 'लेओ, लेओ' म्हणत बसली. लेओकादिया माझ्या शेजारीच होती. तिने आईची चूक सुधारली नाही, आणि का कोण जाणे, मीही नाही.

बार्तोलो आला त्याच आठवड्यात मार्किजबाईंचा, म्हणजे आमच्या जहागीरदारीणबाईंचा निरोप आला होता. मठातला हार्पसिकॉर्ड त्यांनीच दिलेला. पट्टी दाबली की आतली पिसाची काडी तार छेडते, असं ते वाद्य. भेटीच्या खोलीत, जाळीच्या आत ठेवलेलं. बाईंनी माद्रिदहून फांदांगोचे सूर लिहिलेले कागद मागवले होते. उपासाचा काळ लागायच्या आधीच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन येणार होत्या, तेव्हा तो त्यांना ऐकायचा होता. आमच्या मदर रेमिखिया आधी कुरकुरल्या. फांदांगो म्हणजे बाई-पुरुषाने समोरासमोर नाचायचा नाच. मग म्हणाल्या, "कोणी नाचणार नाही, तर वाजवायला हरकत नाही."

आई गेल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी लेओकादिया सरावाला बसली. डावा हात तेच तेच दोन सूर फिरवत राहतो आणि वर उजवा हात धावतो. बोटं एवढी पळत होती, पण चेहरा भाजी निवडणाऱ्या बाईसारखा.

बार्तोलोचं खेचर लंगडायला लागलं होतं, म्हणून तो गावात अडकला होता. करायला काही नाही, तर येऊन जाळीपलीकडच्या बाकावर बसायचा. तिसऱ्या दिवशी तो मध्येच म्हणाला, "हे तर आपल्याकडचं आहे."

"माद्रिदहून आलंय," लेओकादिया न थांबता म्हणाली.

"कुठूनही येऊ दे. संत योहानाच्या सणाला आई याच्यावर नाचायची. पण हे नुसतंच पळतंय. गाणं कुठाय यात?"

तिचे हात थांबले. "कसलं गाणं?"

"तुला आठवत नाही? नाच जोरात आला की गिटारवाला सूर वळवतो. नाचणारे असतील तिथे थांबतात, हात वर तसेच. मग नाचणारी बाईच गाते. तिचं झालं की पुन्हा चिपळ्या सुरू. मागच्या वर्षीसुद्धा नाचली आई. गुडघे सुजलेले. मी म्हटलं, म्हातारे, बस आता. तर म्हणाली, तू बस, तुला नाचता येत नाही."

मला हसू आलं. लेओकादियाला नाही.

"दाखव," ती म्हणाली, "कुठे थांबतात."

त्याने बाकावर बोटांनी ताल धरला, बुटाची टाच फरशीवर आपटली आणि मग एकदम थांबला. तिने कागदावर एका जागी नखाने खूण केली.

त्या दिवशी जेवणघराकडे जाताना मी तिला विचारलं, "रडायला येत नाही का गं?"

"रोज उठल्यावर बघते," ती म्हणाली, "कुठे दुखतंय का. नाही दुखत. कोणा दुसऱ्याची आई गेल्यासारखं वाटतं. हे पाप असेल का?"

मला माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

रविवारी मार्किजबाई आल्या, सोबत सात-आठ पाहुणे. त्यांना चॉकलेट दिलं. लेओकादिया वाजवायला लागली. एका पाहुण्याचा पाय आपोआप हलायला लागला. आणि ऐन जोरात आलं असताना तिने हात उचलले. पट्ट्यांच्या वर तसेच धरून ठेवले. मदर खोकल्या. मी मनात गाण्याच्या ओळी मोजत होते. चार ओळी गाऊन होतील एवढा वेळ गेला. मग तिने पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटही असा, की अजून काही राहिलंय असं वाटावं. पाहुण्यांनी जरा थांबून टाळ्या वाजवल्या.

"बिचारी विसरली," मार्किजबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मदरनी तिला बोलावलं. "विसरलीस?"

"नाही, मदर. तिथे गाणं असतं."

"कागदावर आहे?"

"नाही."

तिला महिनाभर भांडी घासायला लावलं. तिने ती घासली. कुरकुर केली नाही आणि काही मनाला लागल्यासारखंही दिसलं नाही.

बार्तोलो मेमध्ये पुन्हा आला, मुलीचं लग्न ठरलं ते सांगायला. लग्नाचं बोलून झाल्यावर लेओकादिया म्हणाली, "ते गाणं म्हणून दाखव."

"इथे?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्याने हळू आवाजात म्हटलं. आवाज काही चांगला नव्हता. शब्द साधेच होते, डोंगरावरच्या वाटेचे. ती मान खाली घालून ऐकत होती.

"आई असंच म्हणायची?"

"सूर हाच. पण तिचा आवाज जाडा होता."

"मला आवाज आठवत नाही तिचा," लेओकादिया म्हणाली. "मघापासून आठवून बघतेय."

"जाडा होता," बार्तोलो पुन्हा म्हणाला. "सर्दी झाल्यासारखा. लांबून ऐकू यायचा."

तिने मान हलवली. भेटीची वेळ संपली होती. उठून जाळीवर फळी लावून भेट बंद करणं माझं काम होतं. मी उठले नाही, जपमाळ पुन्हा पहिल्यापासून धरली.