पाय नसलेलं गाणं

तोमासाचं निम्मं आयुष्य रेमेदियोसच्या पाठीमागे गेलं. रेमेदियोस तिची आतेबहीण. स्पेनमधल्या अख्ख्या लेब्रिखा गावात तिच्यासारखं फ्लामेंको कुणी नाचत नसे, आणि तोमासा मागे उभी राहून तिच्यासाठी गायची. लोक बघायचे ते पाय. आवाज कुणाचा, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. तोमासालाही त्याचं काही वाटायचं नाही.

मग रेमेदियोसचे गुडघे गेले. ती घरी बसली, तशी तोमासाचं गाणंही बसलं. ती ऑलिव्हच्या कारखान्यात बरण्या भरायला जाऊ लागली. एके दिवशी गिटारवाला पेरिको शेजारच्या उत्रेरा गावातल्या फ्लामेंको मंडळाचा निरोप घेऊन आला.

“मावशी, शनिवारी तुम्ही एकट्याच गायचं. पुढे, खुर्चीवर बसून.”

“आणि नाचणार कोण?”

“कुणी नाही.”

“मग लोकांनी बघायचं काय? माझं थोबाड?”

रेमेदियोस आतून ओरडली, “अगं, जा की! इथे बसून माझंच डोकं खातेस.”

शनिवारी तोमासाने सोलेआ हे फ्लामेंकोतलं संथ, दुखरं गाणं उचललं. पहिली ओळ झाली आणि ती सवयीने थांबली. तिथे रेमेदियोसचे पाय वाजायचे. पेरिकोने तेच सूर घोळवून वेळ मारून नेली. दुसरी ओळ तोमासाने रडवेल्या आवाजात म्हटली, आणि पुन्हा थांबली. मागून एका म्हाताऱ्याने हलकेच दाद दिली, “ओले!”

तिला वाटलं, टिंगल करतोय. पण नंतर लोक तिचे हात धरून म्हणाले, “बाई, काय थांबता हो तुम्ही!”

पुढे ती सेव्हिलला गायली, माद्रिदला गायली. वर्तमानपत्रांनी तिच्या थांबण्याची तारीफ केली. तिला मात्र चोरट्यासारखं वाटत राहिलं. एका दुपारी शेंगा सोलताना ती बोलून गेली, “मी थांबते ती तुझ्या पायांसाठी. टाळ्या मात्र मला.”

रेमेदियोस हसत सुटली. “वेडे, तुला दम लागायचा ना मध्ये! तू श्वास घेईपर्यंत लोकांना गुंतवून ठेवायचं, म्हणून मी पाय आपटायचे.”

तोमासाने हातातली शेंग तशीच खाली ठेवली. मग तीही हसली.

त्यानंतर मालागा शहरातल्या कार्यक्रमात ती थांबली ती कुणाची वाट न बघता. नुसता पोटभर श्वास घेतला. लोकांना काही फरक जाणवला नाही. एक-दोघांना तर त्या दिवशीचं गाणं जरा साधंच वाटलं.