कारणाचा रकाना

हार्लन ट्वेटच्या रायफलला वर्षभर काय झालंय हे सगळ्या विलो फोर्क गावाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं. नळी झिजली असेल, असं हार्डवेअरवाला म्हणे. दुर्बिणीचे स्क्रू बघ, असं पोस्टातली बाई म्हणे. ती स्वतः दर हिवाळ्यात एक हरीण पाडायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. हार्लन सगळ्यांचं ऐकून घेई, मान डोलवी आणि घरी जाऊन वही उघडी. त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत आधीच करून झालेलं असे.

वहीला चार रकाने होते: तारीख, काय बदललं, काय झालं, कारण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्याचा नियम. हार्लनने रेल्वेच्या वर्कशॉपात लेथवर चाळीस वर्षं काढली होती. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला तो माणसांतच धरत नसे. काडतुसंही तो घरीच, पितळी पुंगळीत दारू आणि गोळी घालून भरत असे. आतापर्यंत बारा ओळी झाल्या होत्या. नळी घासली, दुर्बीण बदलली, नव्या पुंगळ्या आणल्या, गोळी पुंगळीत जरा खोल बसवली, मग जरा वर बसवली. प्रत्येक ओळीत तिसऱ्या रकान्यात तेच रडगाणं: निशाणाच्या कागदावर चार गोळ्या तळहाताखाली झाकतील अशा, पाचवी वीतभर खाली. आणि चौथा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

तो कोरा रकाना त्याला झोपू देत नव्हता. कारण होती एल्क या मोठ्या रानहरणाची एक मादी.

गेल्या नोव्हेंबरात ती पाचशे चाळीस यार्डांवर, उतारावर तिरकी उभी राहून चरत होती. हार्लनच्या शेजारी त्याची मुलगी मॅरिट पोटावर पडली होती. डोळ्यावरची दुर्बीण न काढता ती म्हणाली, "वारा पडलाय बाबा. मार." त्याने तिच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी हवी त्यापेक्षा खाली उतरली आणि चरायला वाकलेल्या तोंडात घुसली. मोडलेला जबडा लोंबत ठेवून ती कळपामागे कडा ओलांडून गेली. बापलेक दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे हिंडले, मग बर्फ पडलं आणि थेंब दिसेनासे झाले. जानेवारीत खालच्या रँचवरच्या लोकांना ती गवताच्या गंजीपाशी सापडली. ती गंजीत तोंड खुपसत होती आणि गवत खाली गळत होतं. अंगावर नुसती कातडी आणि हाडं. त्यांनी गोळी घालून तिला सोडवलं आणि हार्लनला फोन केला, कारण त्या उतारावर कोण बसतं हे सगळ्यांना माहीत होतं. बोल मात्र कोणीच लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तेव्हाच त्याने ठरवलं की हे का झालं ते कळेपर्यंत जनावरावर नळी रोखायची नाही. रायफलचा दोष निघाला तर दुरुस्त करू. आपला निघाला तर सगळं बंद.

त्याच्या कुंपणापलीकडे राहणारा डूई ब्लास्डेल हा त्याचा तीस वर्षांचा दोस्त. मार्चमध्ये तो म्हणाला होता, "हार्ल्या, सगळं बघितलंस. आता भरलेली काडतुसं फोड आणि आतली दारू तोलून बघ."

"मी प्रत्येक काडतुसाची दारू तोलतो. दोनदा. दोनदा टिक करतो."

"अरे, म्हणूनच म्हणतोय. एकदा खात्री करून घे."

"माझं मोजलेलं तू मला मोजायला सांगतोस?"

पुढचे तीन आठवडे हार्लन त्याच्याशी बोलला नाही. ही त्याची चूक होती आणि ती त्याच्यासारख्याच माणसाला करता येण्याजोगी होती. बाकी जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्याने संशय घेतला, पण आपल्या तराजूशेजारच्या टिकांवर नाही.

ऑक्टोबर उजाडला. मॅरिटला चौदा वर्षं अर्ज करून वरच्या खोऱ्यातला नर एल्क मारायचा परवाना सोडतीत लागला. मॅरिट एक्केचाळीस वर्षांची, काउंटीचे रस्ते सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवणारी, बापासारखीच कमी बोलणारी. हार्लनने बसून तीस काडतुसं भरली. त्यातली वीस डबीत घालून, वर आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवून तिला दिली. "तुझी रायफल ठीक आहे, भानगड माझीच आहे," तो म्हणाला. शुक्रवारी सकाळी ती डबी घेऊन एकटी वर तंबूत गेली. शनिवारी शिकारीचा मोसम उघडणार होता.

शुक्रवारी दुपारी डूई त्याला आपल्या कुरणात घेऊन गेला. "आज रायफल नाही, तुला तपासायचं. मी तुझ्याकडे पाठ करून रायफल भरतो. कधी दुकानातलं खरं काडतूस असेल, कधी रिकामं. तू नुसता चाप ओढायचा."

हार्लनला हे ठाऊक होतं. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढता ओढता दचकतो. खऱ्या बारात ते दिसत नाही, पण रिकाम्यावर नळी खाली झुकते आणि उघडं पडतं. एकोणसत्तराव्या वर्षी हे ऐकावं लागणं त्याला झोंबलं. पण जबडा मोडलेली ती मादी डोळ्यांपुढे होती, म्हणून तो निमूट पालथा पडला.

बार. बार. खट्. दुर्बिणीतलं फुलीचं टोक कागदावरून केसभरही हललं नाही. पुन्हा बार, मग लागोपाठ दोनदा खट्. डूई नळीच्या तोंडाकडे बघत उकिडवा बसला होता. शेवटी तो उठला.

"दगड आहेस लेका, दगड. तुझा हात नाही."

"नाही ना?"

"नाही म्हणजे नाही. माझाच एवढा स्थिर असता तर बायको मला दाढी करताना हसली नसती."

हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते वाऱ्यावर ढकललं. तेराव्या ओळीत त्याने लिहिलं: 'माणूस. दोष नाही.' मग दोघे गावातल्या कॅफेत गेले आणि त्याने हकलबेरी या रानफळाच्या गोड पाय-केकचे दोन तुकडे खाल्ले. वर्षभरात इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं. आता उरली ती वस्तू, आणि वस्तू दुरुस्त करता येते.

शनिवारी सकाळी डूई कॉफीला आला तेव्हा हार्लन स्वतःच म्हणाला, "चल, फोडू काडतुसं. तुझीही हौस फिटू दे."

त्या तीसमधली दहा उरली होती. काडतूस प्लास्टिकच्या हातोड्यात अडकवायचं, ओंडक्यावर दणका द्यायचा, की गोळी निसटते आणि दारू ओतून घेता येते. भरायची होती एकसष्ट ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जेमतेम गव्हाच्या दाण्याचं वजन. पहिलं एकसष्ट. दुसरं एकसष्ट. हार्लनने डूईकडे बघून भुवया उडवल्या. तिसरं अठ्ठावन्न.

"तराजू," हार्लन म्हणाला. त्याने तराजू शून्यावर आणला, वजन ठेवून पडताळला आणि पुन्हा तोललं. अठ्ठावन्न.

चौथं एकसष्ट. पाचवं साडेत्रेसष्ट. सहावं, सातवं, आठवं बरोबर. नववं ओतलं आणि डूईचा हात कपाकडे जाता जाता थांबला. लांबट करड्या दाण्यांत बारीक गोल दाणे मिसळले होते. ती हार्लनने डूईच्या छोट्या रायफलसाठी आणलेली दारू, झटक्यात पेटणारी. भरायच्या नरसाळ्यात ती उरली असणार आणि तिच्यावरच दुसरी ओतली गेली असणार. नरसाळं रिकामं करूनच उठायचं, हे हार्लनने अर्ध्या गावाला शिकवलं होतं.

त्याने वही मागच्या बाजूने उघडली, जिथे तो भरलेली काडतुसं नोंदवायचा. त्या दिवसाच्या पानावर तीस आकडे होते आणि प्रत्येकापुढे दोन टिका, सरळ, सारख्या. अक्षर त्याचंच. खाली लिहिलं होतं, 'नरसाळं रिकामं केलं.' हे कधी लिहिलं ते त्याला आठवेना. तो बराच वेळ आठवत राहिला. त्या दुपारी खिडकीतून ऊन येत होतं एवढं आठवलं. बाकी तिथे काहीच नव्हतं.

"हार्ल्या," डूई हळूच म्हणाला, "मिसळलेलं हे एकच असेल कशावरून?"

"मॅरिट," हार्लन म्हणाला.

डोंगरात फोन लागत नाही. डूईने पिकअप काढला. दीड तासाच्या रस्त्यात हार्लन फक्त एकदा बोलला. "दाब वाढून रायफलीचा बोल्ट मागे उडाला तर तो डोळ्यात जातो." डूईने वेग वाढवला.

तंबू रिकामा होता. चुलीतली राख गार. हार्लन पायवाटेला लागला आणि तेवढ्यात वर कड्यावर बार झाला. एकच. तो जागच्या जागी खाली बसला. बार कसा होता, नेहमीचा की फुटल्यासारखा, हे तो कानात पुन्हा पुन्हा ऐकत होता आणि त्याला सांगता येत नव्हतं. मग उठला आणि धावला. पडला, उठला, पुन्हा धावला. "मॅरिट!" दरीतून त्याचाच आवाज परत आला. डूई मागून धापा टाकत येत होता.

अर्ध्या तासाने झाडीतून मॅरिट खाली आली, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. हार्लनने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दोन्ही डोळे जागेवर होते.

"बाबा? अरे, हे माझं रक्त नाही. नर पडला. एकाच गोळीत. तू इथे कसा?"

"ती डबी दे. एकही मारू नकोस. मी... त्यात गडबड आहे. मी केली."

मॅरिटने डूईकडे बघितलं, मग जमिनीकडे. पाठपिशवीतून तिने डबी काढून दिली. हार्लनने झाकण उघडलं. आत एकोणीस काडतुसं होती, पण त्याची नव्हती. दुकानातली होती.

"तुझी घरी आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षांची सगळी. खणात."

"दोन वर्षं?"

"एक फुसकं निघालं होतं, बाबा. आत दारूच नव्हती. गोळी नळीत अडकून बसली. मी दुसरं मारायच्या आत बघितलं म्हणून... गजाने ठोकून काढली."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"आई जाऊन चार महिने झाले होते. तू जेवायचा नाहीस, बोलायचा नाहीस. तेवढं ते टेबल आणि ती वही. कसं सांगू?"

हार्लनने झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

"गेल्या साली तू माझ्या शेजारी होतीस," तो म्हणाला. "उतारावर. माझ्या रायफलीत माझं काडतूस होतं."

"हो."

"तू म्हणालीस, मार."

मॅरिटचं तोंड वाकडं झालं आणि ती तिथेच रडू लागली, रक्ताळलेले हात अंगापासून दूर धरून, कारण पुसायला काही नव्हतं. "मला वाटलं, जाईल नीट. बहुतेक नीटच जायची रे." डूई झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

हार्लनला तिचा राग आला होता, खूप. आणि ती जिवंत आहे याचा आनंद इतका होता की त्या रागाला उभं राहायला जागा मिळेना. त्याने गळ्यातला रुमाल सोडला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि तिचा एकेक हात धरून बोटं पुसली. मग कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. पेन्सिल तिला दिली.

"तेरावी ओळ खोड. दोष नाही असं लिहिलंय ते. चौदावी लिही."

"बाबा, नको ना आत्ता."

"आत्ताच. उद्या मला हे आठवेल की नाही, मला माहीत नाही. कारणाच्या रकान्यात लिही. तुझ्या अक्षरात."

ती गुडघ्यावर वही ठेवून बसली. मग दोन शब्द लिहिले आणि वही त्याच्यापुढे धरली. 'भरणारा. बाबा.'

हार्लनने ते वाचलं आणि शेजारी एक टिक केली. पुन्हा एकदा, बोट ठेवून वाचलं आणि दुसरी टिक केली.