रिकामी पारी

सातवी शिट्टी झाली तरी डाळ शिजेना.

स्वप्नालीने कुकर उघडला, पळीत चार दाणे घेऊन बोटांनी चेपून पाहिले आणि झाकण पुन्हा लावलं. तिच्या एका कानात हेडफोन होता. सँडीफोर्डचं तिचं ऑफिस गेलं वर्षभर आयर्लंडच्या स्वोर्ड्स गावातल्या या घराच्या जेवणाच्या टेबलावरच भरत होतं.

"आई, तास होत आला. ही डाळ आहे की खडी?"

सुचित्राबाई कोथिंबीर निवडत होत्या. एवढीशी जुडी, पण वीस मिनिटं झाली तरी संपत नव्हती.

"इथलं पाणी जड असेल," त्या म्हणाल्या.

"वर्षभर याच पाण्यात शिजतेय की."

आठवी शिट्टी झाली. वरच्या खोलीतून सारंगचा आवाज आला, "अरे, ती शिट्टी आवरा कुणीतरी! क्लायंट विचारतोय, तुमच्या घरातून आगगाडी जाते का म्हणून!"

सुचित्राबाईंनी सुरी खाली ठेवली. एकतीस वर्षं शाळेत मुलींना 'चूक झाली तर आधी सांगा, झाकू नका' म्हणत आल्या होत्या.

"शिजणार नाही ती, स्वप्नाली. मी भाजलीय."

"भाजली? कढईत?"

"ओव्हनमध्ये. तीनदा."

स्वप्नालीने कानातला हेडफोन काढला. याचा अर्थ या घरात सगळ्यांना ठाऊक होता.

"वजन म्हणून घेतली होती," सुचित्राबाई घाईने म्हणाल्या. "टार्टची पारी भाजताना फुगू नये, म्हणून वर कागद घालून काहीतरी जड ठेवायचं असतं. कागदावरच होती, अगदी स्वच्छ. म्हणून परत डब्यात ओतली. वाया कशाला घालवायची?"

"आई, ही शेवटची डाळ होती. दुकानवाला म्हणतोय, पंधरा दिवस माल नाही. लॉकडाऊनमध्ये आपल्याला पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही. राजमा होता ना घरात! तांदूळ होते!"

"राजम्याचा डबा वरच्या फळीवर आहे. माझा हात पोचत नाही."

हे खरंच होतं, म्हणून स्वप्नाली जास्तच चिडली. अकरा वर्षांची तन्वी ताटातला नुसता भात काट्याने सारखा करत म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी. आय'ल हॅव टोस्ट."

तेवढ्यात सारंग खाली आला. त्याने कुकरात डोकावून पाहिलं आणि हसला. हसायला नको होतं.

"आई, तुला टार्टच खायचं असेल तर सांग ना. सुपरमार्केटात सहाचं पाकीट मिळतं. एवढा कुटाणा कशाला?"

"मला खायचं नाहीये," सुचित्राबाई म्हणाल्या आणि कोथिंबिरीच्या काड्या उचलून कचऱ्यात टाकायला निघून गेल्या. कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायच्या ते त्यांना आजही नक्की आठवेना.

खायचं नव्हतं हे अक्षरशः खरं होतं. सुचित्राबाई फणसळकरांनी साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. दरवर्षी दहावीच्या मुलींना त्यांनी कस्टर्ड आणि बदामाचं इंग्रजी टार्ट शिकवलं, आणि आयुष्यात ते एकदाही चाखलं नाही. एकोणसत्तर साली नोकरीला निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं, "शाळेत काय ती अंडी फोडायची ती फोडा. घरी आल्यावर आंघोळ करा, आणि तोंडात घालू नका." सासरे चौऱ्याऐंशी साली गेले. यजमानांनाही जाऊन सहा वर्षं झाली. सारंग रोज सकाळी त्यांच्यासमोर दोन अंड्यांचं ऑम्लेट खातो. आता त्यांना कुणी काही विचारणारं नव्हतं. पण जिभेला एकदा लागलेलं वळण, ते कुठे जातं?

चव कळत नव्हती म्हणून काही अडलंही नाही. तपासायला येणाऱ्या बाई वरून रंग बघायच्या, चमच्याच्या टोकावर थोडं कस्टर्ड घ्यायच्या आणि 'उत्तम' लिहायच्या. बदामाच्या जागी शेंगदाण्याचं कूट असायचं, तेही कुणी बोललं नाही. साऱ्या गावात फणसळकरबाई म्हणजे टार्ट, अशी ओळख झाली. लग्नात, बाजारात, दवाखान्यात, कुठेही जुनी विद्यार्थिनी भेटली की म्हणायची, "बाई, तुमचं ते टार्ट!"

आणि गेल्या सोमवारी संध्याचा फोन आला.

संध्या अठ्ठ्याहत्तरच्या बॅचची. आता तीच साठीला आली होती. लॉकडाऊनमध्ये या बॅचने व्हॉट्सअॅपवर गट केला आणि येत्या रविवारी सगळ्या जणींनी मिळून झूमवर बाईंचं टार्ट करायचं ठरवलं. बाईंनी आयर्लंडहून शिकवायचं.

"बाई, रागावणार नाही ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"मी काल आधीच करून बघितलं. शाळेतली वही अजून आहे माझ्याकडे. तुम्ही सांगितलेलं शब्दन् शब्द तसंच केलं. तळ कच्चा राहिला."

"ओव्हन तापला नसेल नीट."

"तापला होता." संध्याचा आवाज खाली आला. "बाई, तेव्हाही कच्चाच असायचा. आम्ही वरचं कस्टर्ड खायचो आणि तळ मागच्या खिडकीतून बोळात टाकायचो. दोन कुत्री ठरलेली होती. मंगळवारच्या तासाला बरोबर यायची."

सुचित्राबाईंना शाळेचा शिपाई मोरेश्वर आठवला. ओव्हनचं दार उघडून, आत हात धरून तो उष्णता सांगायचा. एका मंगळवारी तो म्हणाला होता, "बाई, आज कुत्री लवकर आली." त्यांना वाटलं होतं, तो आपला काहीतरी बोलतोय.

"सगळ्याच टाकायच्या?"

"मी टाकायचे," संध्या म्हणाली. शाळेतसुद्धा तिने कधी दुसरीचं नाव सांगितलं नव्हतं.

तन्वीला शिकवायचं म्हणून सुचित्राबाईंनी येताना आपली जुनी वही आणली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली. तन्वी सगळं फोनवर बघून करते, त्यामुळे वही बॅगेतच राहिली होती. त्या दुपारी त्यांनी ती बाहेर काढली आणि टार्टचं पान उघडून भिंग धरलं. मैदा, लोणी, दूध, अंड्याचा बलक, जायफळ. मधे पट्टी धरून खोडलेली एक ओळ होती. पन्नास वर्षं नजर तिच्यावरून घसरत आली होती. आज त्यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली.

'आधी रिकामी पारी वजन ठेवून भाजून घ्यावी. तळ कोरडा झाल्याशिवाय कस्टर्ड ओतू नये.'

समासात त्यांच्याच हाताने लिहिलं होतं : 'पिरियडात बसत नाही.'

तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हा. चाळीस मिनिटांचा पिरियड, एक पत्र्याचा ओव्हन, छत्तीस मुली. पुढच्या वर्षी जोड पिरियड मिळेल, तेव्हा ही ओळ परत घेऊ, असं मनात होतं. जोड पिरियड पुढे मिळालाही. ओळ राहून गेली.

मंगळवारपासून त्यांनी टार्टला हात घातला. पण स्वयंपाकघर कुठे त्यांचं होतं? स्वप्नालीची एक मीटिंग संपून दुसरी सुरू होईपर्यंत जो वेळ मिळेल तो. चाळीस मिनिटं, कधी पस्तीस. मिक्सर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा पिरियड! पहिल्या दिवशी पारीच्या कडा घसरून तळाशी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कडा काळ्या आणि मधलं पीठ पांढरंफटक. तिसऱ्या दिवशी पारी बरी झाली, तर घाईत कस्टर्ड फुटलं आणि पाणी सुटून सगळा चिखल झाला. तो चिखल त्यांनी कागदात गुंडाळून कुणी बघायच्या आत टाकून दिला. बोळ नव्हता, कुत्री नव्हती. आणि चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ही डाळ.

जेवण झाल्यावर त्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या. संध्याला कळवून टाकावं, तब्येत बरी नाही. या वयात कोण खोटं म्हणणार? फोन हातात घेतला, चष्मा लावला, आणि नेमकी स्वप्नाली दारात आली. तिच्या हातात काचेची बरणी होती. कुकरात न गेलेली उरलेली डाळ तिने तीत भरली होती. बाहेर कागद चिकटवला होता : 'खायची नाही.'

"ही आता तुमची," ती म्हणाली. आवाजात अजून थोडा घुस्सा होता. "उद्या शनिवार आहे. माझी मीटिंग नाही. सारंगला आणि तन्वीला मी फिरायला घालवते. किचन दिवसभर तुमचं. आणि आई, त्या ओव्हनला आत पंखा आहे. तो बंद करा, नाहीतर कडा जळणारच."

"मला कुणी सांगितलंच नाही पंख्याचं."

"तुम्ही विचारलंच नाहीत." मग जाता जाता, "राजमा खालच्या प्रेसमध्ये ठेवलाय." कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय तिलाही लागली होती.

शनिवारी सुचित्राबाईंनी घाई केली नाही. पीठ थंड हातांनी मळलं, तासभर फ्रीजमध्ये ठेवलं. बारा वाट्यांच्या साच्यात बारा पाऱ्या बसवल्या, कागद घातला, वर डाळ ओतली. पंखा बंद केला. वीस मिनिटांनी डाळ काढून घेतली आणि रिकाम्या पाऱ्या पुन्हा आत सारल्या. ओव्हनच्या काचेसमोर त्या खुर्ची टाकून बसल्या. खिडकीबाहेर विमानतळाच्या बाजूचं आभाळ मोकळं होतं. वर्षापूर्वी तिथे दर दोन मिनिटांनी विमान दिसायचं.

पाऱ्या बाहेर आल्या तेव्हा तळ बिस्किटासारखा होता. त्यांनी नखाने टकटक करून पाहिलं.

मग अकरा पाऱ्यांत त्यांनी बदामाची पूड पसरली. खरी बदामाची. वर कस्टर्ड ओतलं, जायफळ किसलं. बारावी तशीच ठेवली. मैदा, लोणी, चिमूटभर साखर. तिच्यात अंडं नव्हतं. सासऱ्यांच्या शब्दाला कुठेही धक्का लागत नव्हता. एकतीस वर्षांत रिकामी पारी कधी भाजलीच नव्हती, म्हणून चाखायलाही कधी मिळाली नव्हती. उभ्या उभ्याच त्यांनी ती मोडली. कडक् असा आवाज झाला. त्यांनी ती शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्ली, आणि ओट्यावर पडलेले कण बोटाला चिकटवून तेही तोंडात घातले.

"असं होय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग एवढा राग आला, की कुणावर काढावा ते कळेना.

रविवारी साडेअकराला तन्वीने लॅपटॉप ओट्यावर ठेवून दिला. साताऱ्यात संध्याकाळचे पाच वाजले होते. पडद्यावर बावीस चौकोन आणि बावीस पिकलेली डोकी. "बाई, तुम्ही म्यूटवर आहात!" "अगं, तूच म्यूटवर आहेस." "ए, बाई किती बारीक झाल्यात!" मधल्या चौकोनात मेधा होती. त्या वर्षी गृहशास्त्राचं पहिलं बक्षीस तिला मिळालं होतं. गटावर कुणाचाही वाढदिवस असला, तरी ती 'बाईंच्या हातचं टार्ट' हे चार ओळींत एकदा आणायचीच.

सुचित्राबाईंनी कालचं एक टार्ट उचललं आणि कॅमेऱ्यासमोर चक्क पालथं धरलं. कस्टर्ड जागचं हललं नाही. खालून चमचा वाजवला. टक, टक.

"ऐकू आलं?"

"आलं, बाई."

"शाळेत कधी असं ऐकलं होतं?"

एकदोन चौकोनांत नकारार्थी माना हलल्या.

"कृतीत एक ओळ होती. ती मी खोडली आणि तुम्हाला सांगितली नाही. चूक तुमच्या हाताची नव्हती, ओव्हनची नव्हती, माझी होती." त्यांनी टार्ट खाली ठेवलं. आवाज वर्गातला झाला. "आता खरं सांगायचं. मागच्या खिडकीतून कुणी कुणी टाकलं? हात वर."

आधी संध्याचा हात वर आला. मग तिच्या खालच्या चौकोनातला. मग एकदम चार-पाच. कुणी तोंडावर पदर धरून हसत होती, कुणाचा हात खांद्यापर्यंतच आला. सुचित्राबाई हजेरी घ्यावी तशा एकेक चौकोन बघत गेल्या. एकवीस झाले. मेधा खाली बघत होती. मग तिचाही हात हळूहळू वर आला. त्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या आणि पीठ लागलेलं होतं.

सुचित्राबाईंनी सगळे हात नीट पाहून घेतले. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"बरं," त्या म्हणाल्या. "हात खाली. धुवून या सगळ्या जणी. आज वेळेची घाई नाही."

बावीस चौकोनांतल्या बावीस खुर्च्या रिकाम्या झाल्या. लांबून कुठून कुठून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला. सुचित्राबाईंनी डाळीची बरणी पुढे ओढली, झाकण काढलं आणि मुली परत येईपर्यंत त्या थांबून राहिल्या.