निळ्या लेसचा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवाही इथेच आहे, पण त्याला बोलायची हौस नाही. पाऊल टाकायचं ते त्याने आधी, मी मागून. म्हणून बघायचं आणि लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आलं असावं.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे एक माणूस दिवसभर फक्त तळवे चिकटवायचा आणि दुसरा फक्त भोकं पाडायचा, त्यामुळे अमक्याने मला घडवलं असं काही सांगता येणार नाही. रंग तपकिरी, तळवा जाड आणि नंबर एवढा मोठा की दुकानदाराने मला सगळ्यात खालच्या फळीवर मागे सारून ठेवलं होतं. "हा कोण घेणार? हत्ती?" असं तो आपल्या भावाला म्हणाला होता.

मग एक दिवस टिल्या आला. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून टिल्या. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका वाढला, पण नाव काही वाढलं नाही. त्याच्या बाबांचं शिलाईचं दुकान. अंगातला शर्ट, पँट, खिशातला रुमालसुद्धा बाबांनी शिवलेला. पायातला मी तेवढा विकतचा. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी लागली, मोठ्या शहरात जायचं होतं, म्हणून त्याच्या ताईने मला घेऊन दिलं. "आता तरी पाय आपटत चालू नकोस," ती म्हणाली. तो आपटतच चालला. माझी टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय ती त्यामुळे.

शहरात त्याची एक खोली होती. एक कॉट, एक खिडकी, भिंतीला खुंट्या. कामावर कंपनीचे बूट घालावे लागत, पुढे लोखंड घातलेले. त्यामुळे दिवसभर मी लॉकरमध्ये पडून असायचो आणि संध्याकाळी त्याच्या पायात यायचो. आमची सगळी ओळख संध्याकाळची.

रोज चालता चालता तो आईला फोन करायचा. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलास का?"

"जेवतो आता."

"कुठे?"

यावर तो विषय बदलायचा. मोठ्या शहरात जेवायला हजार जागा असतात आणि नवख्याला एकही सापडत नाही. तो एखाद्या दारापाशी थांबायचा, बाहेर लावलेले पदार्थांचे फोटो बघायचा, आत डोकवायचा. आत गिऱ्हाइकांपेक्षा वेटर जास्त दिसले की मागे फिरायचा. कुठे फार गर्दी असली की एकट्याने टेबल अडवायची लाज वाटायची. उंबरठ्यावर पुढे-मागे होऊन आम्ही दोघे दमायचो. शेवटी तो बिस्किटांचा पुडा घेऊन खोलीवर यायचा.

ती जागा सापडली ती माझ्यामुळे, असं मी म्हणेन. भर फुटपाथवर माझी लेस तुटली. तो वाकला, तर शेजारच्या इमारतीची तळघरातली खिडकी त्याच्या तोंडासमोर आली. जमिनीला टेकलेली, गज लावलेली. आतून गरम भाताचा वास आला आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज.

"उजेड अडवलास माझा! काय झालं?"

"लेस तुटली."

"मग खाली ये की. वर बसून काय रडतोयस?"

जिना उतरला की खाली चार-पाच टेबलं. पिकल्या केसांची, जाड भिंगांच्या चष्म्याची ती बाई मालकीणही होती आणि स्वयंपाकीणही. तिने ड्रॉवर उपसून कुणा गिऱ्हाइकाची राहिलेली एक लेस काढली. निळी होती. तपकिरी बुटाला निळी लेस. टिल्याने निमूट ओवून घेतली, कारण ती समोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

त्या दिवशी त्याने आईला सांगितलं, "आई, जागा सापडली. जिना उतरून जायचं. मालकीण ओरडते, पण जेवण फर्स्ट क्लास."

"ओरडते म्हणजे?"

"ताटात टाकलं की ओरडते."

"मग बरी आहे," आई म्हणाल्या.

त्यानंतर "कुठे जेवलास" या प्रश्नाला त्याचं उत्तर एकच. "तिथेच." रोज तेच. रोज.

मग एके सकाळी त्याने मला लॉकरमध्ये ठेवलं, कंपनीचे बूट घातले आणि लोखंडी दार लावलं. संध्याकाळी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर माणसं बोलत होती, त्यावरून मला कळलं की लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यात वरच्या मजल्यावरून तो पडला. कुणीतरी म्हणालं, "त्याला कळलंही नसेल." कुणीतरी म्हणालं, "चहा झाला का?" दोन्ही वाक्यं मला सारखीच ऐकू आली. बुटाला रडता येत नाही, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आताही वाटत नाही.

त्याला गावी नेलं. मी मागेच राहिलो. पुढे सुपरवायझरने लॉकर उघडून सगळं एका पिशवीत भरलं आणि खोलीवर पोचवलं.

खोली रिकामी करायला बाबा आणि ताई आले. बाबांना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. किडकिडीत माणूस, गळ्याभोवती मोजायची टेप नाही तर उघडा वाटेल असा. ते कॉटवर बसून राहिले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बोलत होती. कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलत होती.

"बाबा, आईने निघताना काय सांगितलंय, लक्षात आहे ना?"

"काय?"

"तो जेवायचा तिथे जाऊन जेवून या म्हणाली. जेवण खरंच चांगलं आहे का ते बघून या. गुडघे असे नसते तर मीच आले असते, म्हणाली."

ताईने घडी मोडली आणि तीच पुन्हा घातली. "मला भीती वाटते," ती हळू म्हणाली. "अशी जागाच नसली तर? आईला बरं वाटावं म्हणून फेकली असेल त्याने."

मी त्यांच्यापासून हातभर लांब पडलो होतो. जागा आहे, हे मला ठाऊक होतं. रस्ता पाठ होता. पण सांगणार कसा?

निघताना दारातच बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला. ताईने इकडे तिकडे पाहिलं आणि मला पुढे केलं. बाबा माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी दोन-दोन मोजे चढवले आणि पाय आत घातले. तरी टाचेमागे बोटभर जागा राहिली. त्यांचा पाय थंड होता. ते मला उचलत नव्हते, ओढत नेत होते.

ताईने आधी घरमालकाला विचारलं. "जिना उतरून जायचं हॉटेल? तसलं काही माहीत नाही बुवा. माझ्या मेव्हण्याच्या हॉटेलात जा ना, माझं नाव सांगा." ते गेले. मेव्हण्याच्या हॉटेलात टेबलाला काच होती आणि काचेखाली धूळ. नाव सांगून काही फरक पडला नाही.

टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्याने अशा ठिकाणी नेऊन सोडलं की दारावरच्या माणसाचा कोट बाबांच्या सगळ्या कपड्यांहून भारी. बाबांनी त्या कोटाची बाही चिमटीत धरली, शिवण पाहिली आणि "बरी आहे" म्हणून परत फिरले. किती दिवसांत त्यांनी आपणहून काही केलं ते एवढंच, असं ताई फोनवर आईला सांगत होती.

मग ताई मोबाइल बघून वाचू लागली. "बाबा, इथे एक आहे, लोकांनी खूप चांगलं लिहिलंय. घरगुती चव, नम्र सेवा."

"मालकीण ओरडते असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग ते नाही."

तरी भूक लागायचीच. माणसाचं हे मला नेहमी विचित्र वाटतं. काहीही झालं तरी ठरल्या वेळी भूक लागते आणि त्याला स्वतःचीच लाज वाटते. ते कुठेतरी बसायचे. बाबा समोर येईल ते खायचे. ताई विचारायची, "कसं आहे?" बाबा म्हणायचे, "पोट भरलं." त्या ताटात कागद वाढला असता तरी ते तेच म्हणाले असते.

एकदा आम्ही अगदी त्या गल्लीच्या तोंडाशी आलो होतो. डावीकडे वळायचं होतं. टिल्या असता तर मी आपोआप वळलो असतो. बाबा सरळ गेले. पाय नेईल तिकडे बूट जातो. त्यात आमचं काही चालत नाही.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. ताई म्हणाली, "आईला सांगू या, सापडलं नाही म्हणून."

"सांग," बाबा म्हणाले.

खोलीची किल्ली द्यायला जाताना नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला निघाला. म्हणून त्यांनी बाजूची गल्ली धरली. मला फुटपाथच्या फरश्या ओळखीच्या लागल्या. बाबा पाय ओढत होते, मी घासत होतो. आणि खालून, जमिनीतून यावा तसा आवाज आला.

"ए निळी लेस! मेलास का रे कुठे? इतके दिवस फिरकला नाहीस!"

बाबा थांबले. ताई इकडे तिकडे बघू लागली. खिडकी त्यांच्या घोट्यापाशी होती आणि कुणी घोट्याकडे बघत नाही.

"तुलाच म्हणतेय! आणि पाय काय ओढतोयस म्हाताऱ्यासारखा?"

ताई खाली वाकली. गजांआड जाड भिंगांचा चष्मा दिसला. चष्म्याने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जेवढं वर दिसतं तेवढं वर, बाबांच्या गुडघ्यांपर्यंत. मग चष्मा नाहीसा झाला आणि जिन्यावर पावलं वाजली.

ती वर आली, हात पुसत. बाबांचं तोंड पाहून चपापली.

"हे बूट तुमचे?"

"मुलाचे," बाबा म्हणाले.

"तो कुठाय?"

ताईने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. एव्हाना तिला त्याची सवय झाली होती.

मालकिणीला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. खिडकीतून पाय दिसतात, त्यावरून ती गिऱ्हाइकांना हाका मारायची. कुणी पांढरे सॅंडल, कुणी फाटका तळवा. हा निळी लेस. तिने चष्मा काढला, पदरासारखा जो काही कपडा खांद्यावर होता त्याने पुसला, पुन्हा लावला.

"मी मेलास का म्हणाले," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत, काकू," ताई म्हणाली.

ती एकदम वळली. "खाली या. भात गरम आहे. उभे काय राहिलात?"

खिडकीखालच्या टेबलावर तिने त्यांना बसवलं. भात, पातळ रस्सा, उकडलेली अंडी. बाबांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. आणि माझ्यात त्यांचा पंजा वर-खाली हलू लागला, शिलाई मशीन चालवणाऱ्याचा पाय हलतो तसा, हळूहळू, एका लयीत. इतक्या दिवसांत तो पाय आपणहून पहिल्यांदा हलला.

"मीठ जास्त आहे," बाबा म्हणाले.

"तो आणखी वरून घ्यायचा!" मालकीण स्वयंपाकाच्या ओट्याकडून ओरडली. "आणि ते अंडं टाकायचं नाही. संपवायचं."

बाबांनी संपवलं. मग ताट पुढे केलं. तिने पुन्हा भात वाढला.

ताईने विचारलं, "तो इथे रोज यायचा ना?"

"रोज कुठला!" ती सहज बोलून गेली. "आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कामावरून लांब पडतं म्हणायचा. बाकीचे दिवस काय खायचा देव जाणे."

देव जाणो न जाणो, मी जाणत होतो. बाकीचे दिवस तो बिस्किटं खायचा. कॉटवर आडवा पडून, मला पायातून न काढता. आणि त्याआधी, खोलीच्या जिन्यात उभं राहून आईला सांगायचा, "तिथेच जेवलो."

ताईचा घास हातात राहिला. बाबा जेवत होते.

जेवण झाल्यावर आईचाच फोन आला. बाबांनी घेतला. आवाज बाहेर येत होता.

"सापडलं?"

"सापडलं. जिना उतरून आहे."

"मालकीण ओरडते?"

"ओरडते. आत्ताच ओरडली मला."

"अहो, चांगलं आहे का जेवण?"

"चांगलं आहे. मी दोनदा भात घेतला."

"आणि तो रोज जायचा ना?"

ताईने बाबांकडे पाहिलं. ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला. बाबांचा पंजा माझ्यात हलायचा थांबला.

"हो," बाबा म्हणाले. "रोज. ती सांगतेय ना. एक दिवस चुकवला नाही म्हणते."

मालकिणीने तोंड फिरवलं आणि नळ सोडला.

आता मी गावी असतो, शिलाईच्या दुकानात, दाराआड. बाबांनी पुन्हा मला पायात घातलं नाही. वापर नसला की आमचं कातडं ताठ होतं; माझं झालंय. दुखत नाही. कधी कधी दुपारी आई दुकानात येतात, गुडघे धरून स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "ते पुन्हा सांगा हो. तिने वरून कशी हाक मारली?" बाबा चूक सुधारतात, "वरून नाही, खालून," आणि हातातलं कापड बाजूला ठेवून पहिल्यापासून सांगतात. दर वेळी थोडं वाढवतात. परवा त्या टेबलावर त्याची खुर्ची ठरलेली होती, असं सांगितलं. आई मान डोलावत होत्या.

तुम्हाला खरं काय ते मी सांगून टाकलं, कारण कुणाला तरी सांगायचं होतं. पण एक ऐका. कधी या बाजूला आलात, बटण लावून घ्यायला म्हणा, पँट आखूड करायला म्हणा, आणि स्टुलावर आई बसलेल्या दिसल्या, तर माझ्याकडे बघू नका. त्या ओळख काढतील, मोठ्या शहरातून आलात का विचारतील. मग ते हॉटेल माहीत आहे का विचारतील. माहीत आहे म्हणा. आमचा मुलगा तिथे रोज जेवायचा, असं त्या सांगतील.

हो म्हणा.