एवढी एक ओळ

स्टेन्सिलच्या कागदावरच्या ‘उठल्यावर’मधल्या ‘ठ’चं पोट कापता कापता सुटलं आणि तिच्या मांडीवर पडलं.

"गेला ठ!" बाबा शिडीवरून म्हणाले. "पोट धरून ठेवणारी जोडपट्टी ठेवायला विसरलात ना, कारागीर?"

"विसरले नाही. तुम्ही वरून बडबड करता, माझा कटर सरकतो." तिने स्टेन्सिलचा नवा कागद ओढला. "आणि बाबा, अर्ज."

"आहे लक्षात."

लक्षात होताच. अकरा दिवस तो अर्ज टेबलावर रंगाच्या ट्यूबांखाली दबून होता आणि एका कोपऱ्यावर निळ्या रंगाचा अंगठाही उमटला होता. कलाशाळेची प्रवेशपरीक्षा. सोबत तिची स्वतःची सहा चित्रं, चार वर्षांतली सगळ्यात चांगली. पालकाची सही सोडली तर सगळं भरून तयार. आईची बदली परगावी, त्यामुळे सही बाबांचीच हवी होती आणि आज शेवटचा दिवस होता.

बाबांनी दोन वर्षं एकही चित्र काढलं नव्हतं. रोज कोऱ्या कॅनव्हाससमोर बसायचे आणि काहीतरी म्हणून उठायचे. मग एक दिवस ते जे म्हणायचे तेच त्यांनी कॅनव्हासवर रंगवायला घेतलं. ‘आधी ब्रश धुतो, मग बसतो.’ ‘हा पांढरा बरोबर नाही, दुसरा आणू.’ ‘उजेड उतरला, आता सकाळीच.’ ‘सोमवारपासून नक्की.’ सरकारी फलकासारखी काळी, ठाम अक्षरं. बाबा वाक्य सांगायचे, ती त्याचं स्टेन्सिल कापायची, ते त्यावरून स्पंजने रंग थोपटायचे. "तुझ्या बाबांच्या आळसालासुद्धा चौकट मिळाली बघ," आई फोनवर म्हणाली होती. गंमत म्हणजे गॅलरीने खरंच एक अख्खी भिंत दिली.

चार वाजता गॅलरीवाल्या बाई आल्या. टेम्पो खाली उभा होता. बाई वरपासून वाचत गेल्या, तिसऱ्या ओळीला हसल्या, सातव्या ओळीला डोळे पुसले.

"अहो, हे तर माझ्याच घरातलं बोलणं आहे! आणि खाली ही एवढी जागा?"

"शेवटचं वाक्य सापडत नाहीये," बाबा म्हणाले. "आठवडा झाला."

"बाबा, सव्वाचार झाले." ती अर्ज घेऊन शिडीखाली उभी राहिली. "पाचला अर्जाची खिडकी बंद होते. सायकलने वीस मिनिटं लागतात. सही करा आणि मग शोधत बसा तुमचं वाक्य."

"अगं, एवढी एक ओळ झाली की लगेच करतो तुझी सही!"

बाईंनी टाळी वाजवली. बाबा दोन पायऱ्या सोडून खाली उतरले.

"हेच! ‘एवढी एक ओळ झाली की लगेच करतो तुझी सही.’ काप, कारागीर, काप!"

आणि तीही हसली. खोटं कशाला, तिलाही ते दिसलं. तळाच्या रिकाम्या पट्टीत ते वाक्य जणू आधीपासून होतं, नुसतं काढायचं बाकी होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांचे हात असे घाईला आले होते. दहा मिनिटांचं काम, तिने मनाशी म्हटलं आणि अर्ज खुर्चीवर ठेवून कटर उचलला.

‘व’चं पोट सुटलं नाही, ‘ढ’चं नाही, ‘क’चंही नाही. इतकं स्वच्छ तिने कधीच कापलं नव्हतं. बाबांनी कागद चिकटवला, रंग थोपटला, तो वाळू दिला. मग कागद सोलून काढला आणि तिघंही मागे सरकली.

"झालं," बाबा म्हणाले.

चित्र गुंडाळून जिन्याने उतरवताना भिंतींना लागू नये म्हणून तिनेच पुढचं टोक धरलं. टेम्पो गेला. बाई त्याच्या मागोमाग गेल्या.

वर येऊन बाबांनी हात पुसले, खुर्चीवरचा अर्ज उचलला आणि चांगलं पेन शोधून ऐटीत सही केली, खाली लांबलचक रेघ ओढून.

"बघ, केली की नाही? उगाच जीव खातेस."

"तारीख राहिली," ती म्हणाली.

तारखेसाठी म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि मग शेजारच्या घड्याळाकडे. पाच वाजून पंचवीस. पेन कागदावर टेकलं नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"कालची घालू का?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि आजची तारीख स्वतःच घातली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.