डाव्या टोकाची बाई

"बाकी सगळं फर्स्टक्लास आहे," व्यवस्थापक म्हणाले, "फक्त ही बाई काढून टाका."

ते माझ्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते. हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलसाठी त्यांनीच मागितलेलं, सहा फूट लांब चित्र. माझी सात महिन्यांची मुलगी झोळीत माझ्या छातीला चिकटून झोपली होती, म्हणून मला ओरडता येत नव्हतं. मी कुजबुजत भांडले. कुजबुजत भांडायला किती दम लागतो, ते तान्ह्या लेकरांच्या आयांनाच विचारा.

"का काढायची?"

"अहो, तुम्हीच बघा ना. लोक आधीच घाबरून येतात इथे. त्यांना काहीतरी आशावादी दिसायला हवं. या उजवीकडच्या बायका कशा छान वाटतात! आणि ही एक डावीकडे काळोखात, रिकामी मांडी घेऊन बसलीय. बघितल्याबरोबर पोटात गोळा येतो. तिच्या जागी एखादी खिडकी काढा. ऊन येतंय वगैरे."

"वगैरे," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही कलाकार, तुम्हाला जास्त कळतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीने झोपेत ओठ हलवले, आणि मी तिच्या पाठीवर थोपटत बाहेर पडले.

माझी पोर अडीच महिने आधी जन्मली. त्रेचाळीस दिवस याच हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, माझ्या तळहाताहून जेमतेम मोठी. आम्ही आया वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर बसायचो आणि सिस्टरने हाक मारली की एकेक करून आत जायचो. त्या बाकाचंच चित्र मी काढलं होतं.

त्रेचाळीस दिवस मला भेटेल तो सांगत होता, पॉझिटिव्ह राहा. माझं दूध येत नव्हतं, तर एक नातेवाईक म्हणाले, "तू मनात वाईट आणतेस, म्हणून येत नाही." म्हणजे पोर मेली असती तर तेही माझ्याच मनाने केलं असतं. नवरा बिचारा दर तासाला "होईल सगळं छान" म्हणायचा आणि पेटीकडे बघायची वेळ आली की पार्किंगमध्ये जायचा. माझ्याशी कुणी सरळ बोललं असेल तर ती डाव्या टोकाला बसणारी बाई.

ती कपडे शिवायची, दुरुस्त करायची, म्हणून सगळ्या तिला शिवणवाली म्हणायच्या. बाकावरही गिऱ्हाइकांच्या पँटी घेऊन यायची आणि टिपा घालत बसायची. मला म्हणाली होती, "जगेल की नाही, मला कसं कळणार? तू आधी खाऊन घे. उपाशी राहून काय नवस फेडतेस?"

तिचा मुलगा एकोणीस दिवस जगला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती वॉर्डाच्या दारात उभी. सिस्टरना म्हणाली, "माझं येतंय, हिचं येत नाहीये. काय तपासायचं ते तपासा आणि हिच्या पोरीला द्या." माझं दूध येईपर्यंत अकरा दिवस ती रोज आली. माझी मुलगी तिच्या दुधावर तगली.

आणि हे म्हणतात, खिडकी काढा.

मी ठरवलं, शिवणवालीला चित्र दाखवायचं आणि तिला सोबत घेऊनच व्यवस्थापकांसमोर उभं राहायचं. तोंडावर सांगा म्हणावं हिला, की तू नकोस. तिचं दुकान शोधून काढलं आणि साहेब काय म्हणाले ते तिला सांगितलं. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली.

हॉस्पिटलातून परत आणलेलं चित्र पाळण्यामागे भिंतीला टेकवलं होतं. ती पाळण्याकडे न बघता सरळ चित्रापाशी गेली. मी मागे उभी. खरं सांगायचं तर मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. पाण्याचा पेलाही तयार ठेवला होता.

"ही मी?"

"हो."

"मला अंधारात का बसवलंस?"

मी समजावायला लागले. एका टोकाला निराशा, दुसऱ्या टोकाला आशा. डावीकडून उजवीकडे उजेड हळूहळू वाढत जातो. पहिल्यांदाच उजेडाचा इतका अवघड उतार मला जमला होता, तेही सांगितलं.

"तिथे ट्यूबलाइट होती," ती म्हणाली. "दोन होत्या. सगळ्यांवर सारख्याच पडायच्या."

तिने चित्रातल्या मांडीवर बोट ठेवलं.

"आणि मांडी रिकामी काय म्हणून? माझ्या मांडीवर सदा कुणाची तरी पँट असायची. हे डोळ्यांत पाणी कुठून आणलंस? मी तिथे रडले का कधी? मी भांडले. सकाळच्या डॉक्टरशी भांडले, सफाईवाल्या मावशींशी भांडले, तुझ्याशीसुद्धा भांडले. ते नाही आठवलं तुला?"

"मला वाटलं..."

"विचारलंस मला? फोन केलास?" तिचा आवाज चढला. पाळण्यात हालचाल झाली तशी तिने तो खाली आणला, पण धार तीच. "त्या साहेबाला मी नको आहे. तुला काळा रंग भरायला हवी आहे. फरक काय झाला, सांग ना!"

मला तिचाच राग आला. दोन महिने खपले होते मी. पोर झोपली की ब्रश, उठली की पोर. "इतकं सोपं नसतं ते," मी फणकारले. "सगळा उजेड एकमेकांत गुंतलेला असतो. तुम्हाला उजेडात आणायचं तर सगळं चित्र खरवडावं लागेल."

"मग उसव की. मी उसवत नाही का लोकांचं? आख्खा कोट उसवते, एक खांदा चुकला म्हणून."

ती चपला घालून निघूनही गेली. तयार ठेवलेलं पाणी मीच प्यायले.

दोन दिवस मी चित्राकडे पाठ करून वावरले. तिसऱ्या दिवशी मुलीला भरवताना उजव्या टोकाकडे लक्ष गेलं. तिथे मीच होते. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर सोनेरी ऊन, ओठांवर शांत हसू. कुठलं आलं होतं हसू? त्या बाकावर माझे केस म्हणजे घरटं होतं आणि अंगावर दोन दिवसांचा कुडता. मुलगी घरी आल्यावर, मांडीवर खेळायला लागल्यावर, मी ते ऊन मागे नेऊन स्वतःवर पाडलं होतं. आणि जिचं मूल गेलं तिच्यावर पहिल्या दिवसापासूनच काळोख. शेवट ठाऊक असणाऱ्या माणसाने काढलेलं चित्र होतं ते. बाकावर बसलेलो असताना शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. तिलाही नाही, मलाही नाही. तेव्हा कोण आशावादी आणि कोण निराशावादी, हे घरी बसलेल्या लोकांनी ठरवावं.

इतकी लाज वाटली की त्या लाजेचाही राग आला. मी रंगाची पाती घेतली आणि आधी स्वतःचा चेहरा खरवडला, नंतर बाकीच्यांचेही.

मग शिवणवालीला फोन केला. "बसाल का माझ्यासमोर?"

"काम घेऊन येईन. नुसती बसणार नाही."

तीन दुपारी ती आली. पँटी मांडीवर, तोंडात दोरा, कपाळावर आठी. मी खोलीत ट्यूबलाइट लावली, पडदे ओढले. त्या पांढऱ्याफटक उजेडात कुणीच देखणं दिसत नाही. "नाक एवढं मोठं आहे का माझं?" "आहे." "बरं." एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी पाळण्यात रडणं सुरू झालं, माझे हात रंगाने भरलेले. तिची सुई थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "हात पूस आणि घे तिला. मी कुठे पळून जात नाहीये." मी तिला 'तुम्ही घ्या' म्हटलं नाही. तिने उचललं नाही. पण मी मुलीला पाजत होते तोवर ती बघत होती. नजर वळवली नाही.

व्यवस्थापकांनी नवं चित्र पाहिलं आणि चष्मा काढला. "अहो, आधी एकच बाई उदास होती. आता तर सगळ्याच वैतागलेल्या!"

"वैतागलेल्याच होत्या."

"लोकांना धीर कसा येणार हे बघून?"

"तुम्ही बसलायत कधी त्या बाकावर?" या वेळी मी कुजबुजले नाही. "एक दिवस बसा. आणि तुमच्या कानात कुणाला तरी दर तासाला पॉझिटिव्ह राहा म्हणायला सांगा. मग बोलू धिराबद्दल!"

पोर दचकून जागी झाली आणि माझ्या वरताण ओरडायला लागली. साहेबांनी दोन्ही हात वर केले. वेटिंग हॉलमध्ये सूर्यफुलांच्या शेताचा छापील फोटो लागला. तो आजही आहे, फुलं फिकी पडली आहेत.

चित्र बाहेर नेत होतो, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला इतका वेळ बाहेर थांबलेली शिवणवाली. जिन्यापाशी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर भेटल्या. त्यांनी चित्र निरखलं, शिवणवालीकडे पाहिलं, परत चित्राकडे. "कुठे निघालात? आयांच्या दूध काढायच्या खोलीत भिंत रिकामी आहे. तिथे पुरुषांना बंदी आहे." मग आमच्या पुढे होत, "साहेबांनासुद्धा."

खिळे शिवणवालीनेच ठोकले. मी खालून सांगत होते, डावी बाजू किंचित वर, आणखी वर. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक अगदी कोवळी मुलगी बसली होती. हातात पंप, बाटलीत थेंबही नाही, डोळे सुजलेले. ती कधीची चित्राकडे बघत होती.

"या टोकाच्या बाई इतक्या चिडलेल्या का आहेत?" तिने मला विचारलं.

शिवणवाली स्टुलावरून उतरली. "मीच ती."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग घाबरत विचारलं, "तुमचं बाळ?"

काहीतरी बरं बोलावं, विषय बदलावा, म्हणून मी तोंड उघडलंही.

"गेलं," शिवणवाली म्हणाली. "तुझं आहे ना आत? सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

मुलीने मान हलवली. प्यायलीच नव्हती.

शिवणवालीने टेबलावरचा जग उचलला, पेला भरला आणि तिच्या हातात दिला. स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "पी. सगळं पी. मी बघतेय."